ईरी सरोवराचा करारनामा

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही एका परदेशी सरोवराचे नाव सांगितले. त्यांना थोडे नवल वाटले असावे. ज्याची हयात कारखान्याच्या फाटकावर गेली त्याने बोनसवर बोलावे, कंत्राटी कामगारांवर बोलावे; सरोवराशी त्याचा काय संबंध? शंका रास्त आहे. आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही वाचन झाले ते पाळीवरून सुटल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून झाले. तेव्हा शास्त्रज्ञाच्या अधिकाराने आम्ही येथे काही सांगत नाही. करार कसा होतो, कसा मोडतो आणि मोडला हे किती उशिरा कळते, एवढे एक शास्त्र मात्र आम्ही तीस वर्षे शिकत आलो आहोत. ईरी सरोवराचा इतिहास वाचताना तेच शास्त्र आम्हांला पानोपानी भेटले.

वाचावयास कारण घडले ते सांगताना थोडी लाज वाटते, पण सांगितले पाहिजे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही एका रासायनिक कारखान्यातील युनियनचे काम पाहत होतो. कारखान्याचे सांडपाणी ज्या ओढ्यात जाई तो ओढा खाली एका गावतळ्याला मिळे. एका उन्हाळ्यात त्या गावचे भोई फाटकावर आले. त्यांच्या पाटीत मेलेली मासळी होती. मालकाकडे जाण्याआधी ते आमच्याकडे आले, ह्याचा आम्हांला अभिमानच वाटला. आम्ही विषय कार्यकारिणीपुढे ठेवला. दोन दिवसांत व्यवस्थापनाकडून निरोप आला : पाण्याचा प्रश्न काढाल तर कारखाना बंद होईल, दोनशे घरांच्या चुली विझतील. त्या वर्षी पगारवाढीचा करार तोंडावर आला होता. आम्ही गप्प बसलो. करार झाला, पेढे वाटले. सहा वर्षांनी कारखाना बंद पडला. पाण्याचा त्यात काही संबंध नव्हता, मालकाने दुसऱ्या राज्यात नवा कारखाना काढला होता. कामगार घरी बसले. तळे जलपर्णीने भरून गेले. भोयांची पोरे शहरात बिगारीकामाला गेली. ज्यांच्यासाठी आम्ही गप्प बसलो त्यांचे गेले, आणि ज्यांच्याबद्दल गप्प बसलो त्यांचेही गेले.

हा पेच जगात आमच्याच वाट्याला आला अशी आमची पुष्कळ दिवस समजूत होती. ईरीच्या काठच्या कामगारांपुढे तो आमच्या आधी तीस-पस्तीस वर्षे उभा राहिला होता. त्यांनी काय केले, त्यात त्यांना यश कसे आले आणि आलेले यश हातातून कसे निसटले, हे पाहू.

उत्तर अमेरिकेत, अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा यांच्या सरहद्दीवर गोड्या पाण्याची पाच महासरोवरे आहेत. ईरी हे त्यांपैकी एक. त्याचा विस्तार सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठा. काठावर उभे राहिले तर पलीकडचा तीर दिसत नाही. परंतु हा समुद्रासारखा दिसणारा जलाशय फार उथळ आहे. शेजारच्या सुपीरियर सरोवराची सरासरी खोली १४७ मीटर आहे. ईरीची अवघी १९ मीटर. पश्चिमेकडच्या टोकाला तर ती सात-आठ मीटरच भरते. उथळ म्हणून ते लवकर तापते, आणि लवकर तापते म्हणून त्यात जीवसृष्टी भरभरून वाढते. पाचही सरोवरांत मासळी सर्वांत अधिक ईरीतच. त्याच्या भोवती डेट्रॉइट, टोलेडो, क्लीव्हलंड, बफेलो ही कामगारांची शहरे वसली, आणि आज एक कोटीहून अधिक लोक त्याचे पाणी पितात.

ईरीच्या दुखण्याची सुरुवात कारखान्यांपासून झाली असे आम्हांला आधी वाटे. ती त्याही आधीची आहे. सरोवराच्या नैर्ऋत्येस, ओहायो संस्थानात, शेकडो चौरस मैलांची एक प्रचंड दलदल होती. तिला लोक ‘ग्रेट ब्लॅक स्वाँप’, म्हणजे महाकाळी दलदल म्हणत. तेथे डासांचा आणि हिवतापाचा सुकाळ होता आणि गाडीची चाके आसापर्यंत रुतत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतकऱ्यांनी चर खणून आणि जमिनीखाली मातीच्या भाजलेल्या नळ्या घालून ती कोरडी केली. त्या मेहनतीला हात जोडावेत अशीच ती होती. खालून निघालेली जमीन काळी आणि कसदार होती. परंतु मॉमी नदीचे पाणी जेथे थबकत असे, गाळ आणि सत्त्व जेथे टाकून मग पुढे सरोवरात जात असे, ती गाळणीच त्या मेहनतीत निघून गेली. आता शेतात पडलेला थेंब नळीतून चरात, चरातून नदीत आणि नदीतून थेट ईरीच्या उथळ टोकाला जाऊ लागला. ह्याची किंमत तेव्हा कोणाच्याच हिशेबात धरली गेली नाही. ती दीडशे वर्षांनी वसूल झाली.

मग कारखाने आले. क्लीव्हलंडमध्ये १८७० साली स्टँडर्ड ऑइल कंपनी स्थापन झाली. त्या काळी दिव्यासाठी रॉकेल विकले जाई, पेट्रोलला गिऱ्हाईक नव्हते. तेव्हा तेल गाळणारे कारखाने ते नदीत सोडून देत. पोलादाच्या भट्ट्या आल्या, रंगाचे कारखाने आले. क्लीव्हलंडमधून ईरीला मिळणाऱ्या कायाहोगा नदीवर तेलाचा थर साचू लागला आणि ती नदी वारंवार पेट घेऊ लागली. १९१२ च्या आगीत पाच माणसे मेली. १९५२ च्या आगीत लाखो डॉलरांचे नुकसान झाले. पश्चिमेकडे डेट्रॉइट नदीवर १९४८ च्या हिवाळ्यात तेलाने माखून सुमारे ११,००० बदके मेली. तेव्हा शिकाऱ्यांनी ती मेलेली बदके गाड्यांत भरली आणि मिशिगनच्या विधिमंडळाच्या अंगणात नेऊन टाकली. आमच्या फाटकावर आलेली भोयांची पाटी आम्हांला हे वाचताना आठवली.

तेल डोळ्यांना दिसते, नाकाला कळते. ईरीचा खरा रोग मात्र वेगळाच होता, आणि तो समजून घेण्यासाठी विहिरीत सूर मारणाऱ्या पोराचा अनुभव पुरेसा आहे. उन्हाळ्यात वरचे पाणी कोमट लागते आणि खाली गेले की एकाएकी अंग गारठते. ऊन पाणी हलके, ते वर तरंगते. थंड पाणी जड, ते खाली राहते. वारा पडला की दोहोंची सरमिसळ थांबते. वरच्या पाण्याला हवेतला प्राणवायू मिळत राहतो. खालच्या पाण्याला जो काही साठा असेल त्यावरच भागवावे लागते. आता वरच्या थरात शेवाळ माजले, मेले आणि तळाशी जाऊन कुजू लागले, तर ते कुजविणारे जंतू तो साठा संपवून टाकतात. मग तळच्या जीवांचा श्वास कोंडतो. ईरीच्या मध्यभागी खालचा थंड थर मुळातच पातळ, त्यामुळे तेथे साठाही अपुरा.

हे शेवाळ माजते कशाने? आपल्या शेतकऱ्याला नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन नावे पोत्यावर वाचून पाठ आहेत. गोड्या पाण्याच्या तळ्यात स्फुरद बहुधा सर्वांत कमी असते, आणि म्हणून शेवाळाची दोरी स्फुरदाच्या हाती असते. ते वाढले की शेवाळ वाढते. शहरांच्या मैलापाण्यात स्फुरद होतेच. दुसऱ्या महायुद्धानंतर साबणाच्या जागी फॉस्फेट घातलेल्या धुण्याच्या पावडरी आल्या आणि घराघराच्या मोरीतून स्फुरद सरोवराकडे धावू लागले. १९६० च्या दशकात ‘ईरी मेले’ असे मथळे अमेरिकेत छापून आले. खरे तर ते उपाशी मेलेल्या माणसासारखे मेले नव्हते. त्याला अजीर्ण झाले होते.

रोगाची पहिली खूण एका किड्याने दिली. मेफ्लाय नावाची एक नाजूक माशी आहे. तिची पिले वर्ष-दोन वर्षे सरोवराच्या चिखलात वाढतात, आणि पंख फुटल्यावर जेमतेम एक-दोन दिवस जगतात. ईरीच्या काठी ह्या माश्यांचे एवढे थवे उठत की रस्त्यावरचा त्यांचा खच फावड्यांनी ओढावा लागे. १९५३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस काही दिवस कडक ऊन पडले आणि वारा पडला. सप्टेंबरात ओहायो स्टेट विद्यापीठाचे एन. विल्सन ब्रिट ह्यांनी पश्चिम टोकाचा चिखल उपसून पाहिला, तेव्हा त्यात मेलेली पिले भरली होती. पुढच्या काही वर्षांत ते थवे दिसेनासे झाले. काठच्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असल्यास नवल नाही, कारण ती माशी कोणाला आवडत नसे. पण मासळीचे ते अन्न होते. ब्लू पाइक नावाचा मासा हे ईरीच्या कोळ्यांचे मुख्य उत्पन्न. त्याची जाळी १९५० चे दशक संपता संपता रिकामी येऊ लागली. बेसुमार मासेमारी, प्राणवायूची टंचाई, बाहेरून आलेले मासे अशी अनेक कारणे एकत्र आली. १९८३ साली सरकारने ब्लू पाइक नामशेष झाल्याचे जाहीर केले. ती स्वतंत्र जात होती की वॉलाय माशाचाच एक प्रकार, ह्यावर शास्त्रज्ञांत पुढे वाद झाला. कोळ्यांच्या जाळ्याला त्या वादाने काही फरक पडला नाही.

आता कामगारांकडे येऊ. डेट्रॉइटच्या मोटार कामगारांची युनियन, युनायटेड ऑटो वर्कर्स, ही त्या देशातील बलाढ्य संघटनांपैकी एक होती. वॉल्टर र्‍यूथर तिचे अध्यक्ष होते. ह्या युनियनच्या सभासदांची पोरे ज्या पाण्यात पोहत, तेच पाणी त्यांचे कारखाने नासवीत होते. सुट्टीच्या दिवशी गळ टाकावयाला गेलेला कामगार हात हलवीत परत येत होता. १९६५ साली ह्या युनियनने डेट्रॉइट येथे स्वच्छ पाण्यासाठी परिषद भरविली. १९७० च्या एप्रिलात पहिला वसुंधरा दिन पाळला गेला, तेव्हा त्याच्या संघटकांना पैशाची भरघोस मदत करणाऱ्यांत ही युनियन होती. १९७६ च्या मे महिन्यात मिशिगनमधील ब्लॅक लेक ह्या सरोवराच्या काठी, युनियनच्या स्वतःच्या शिक्षणकेंद्रात, कामगार, वस्त्यांमधील कार्यकर्ते आणि निसर्गरक्षक एकत्र बसले. विषय होता पर्यावरण, न्याय आणि रोजगार. कारखाना बंद करण्याची धमकी ही खंडणी मागण्याचाच एक प्रकार आहे, आणि ती कामगाराच्या खांद्यावरून शेजाऱ्यावर झाडलेली बंदूक आहे, हे ओळखावयास ती माणसे शिकली होती. आमच्या कार्यकारिणीत ही ओळख त्या दिवशी कोणाला नव्हती, आणि सर्वांत कमी आम्हांला होती.

क्लीव्हलंडमध्ये कार्ल स्टोक्स हे महापौर होते. अमेरिकेतील एका मोठ्या शहराचे ते पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्यांचे बालपण सरकारी गरीबवस्तीत गेलेले. १९६८ च्या नोव्हेंबरात क्लीव्हलंडच्या मतदारांनी पाणी स्वच्छ करण्यासाठी दहा कोटी डॉलरांचे कर्जरोखे काढण्यास मतदानाने संमती दिली. पुढच्या वर्षी, २२ जून १९६९ रोजी, कायाहोगा पुन्हा पेटली. आग अर्ध्या तासात विझली आणि नुकसान पूर्वीच्या मानाने किरकोळ झाले. दुसऱ्या दिवशी स्टोक्स ह्यांनी वार्ताहरांना बरोबर घेऊन घाणीच्या एकेका मोरीपाशी उभे केले. ‘टाइम’ साप्ताहिकाने ह्या नदीवर लिहिले तेव्हा छापावयाला ह्या आगीचे छायाचित्रच मिळाले नाही. म्हणून १९५२ च्या आगीचे छापले. देश हादरला. कायदा होण्यासाठी जी धग लागते ती ह्या छोट्या आगीने दिली, पण लाकडे आधी रचलेली होती. कोणताही संप एका दिवसात पेटत नाही, हे आमच्या श्रोत्यांपैकी ज्यांनी संप पाहिला आहे ते जाणतात.

१९७० च्या वसंतात आणखी एक धक्का बसला. ईरीच्या पश्चिम भागातील आणि शेजारच्या सेंट क्लेअर सरोवरातील माशांत पारा सापडला. कारखान्यांनी सोडलेला तो पारा होता. मासेमारीवर बंदी आली आणि ज्यांनी पाणी नासविले नव्हते त्या कोळ्यांची होडी आधी काठाला लागली. असे नेहमी घडते. सांडपाणी सोडणारा एक, आणि लेऑफ होणारा दुसरा.

१५ एप्रिल १९७२ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि कॅनडाचे पंतप्रधान त्रुदो ह्यांनी ओटावा येथे महासरोवरांच्या पाण्याच्या गुणवत्तेविषयी करार केला. ईरी आणि आँटेरिओ ह्या सरोवरांत मैलापाणी सोडणाऱ्या मोठ्या केंद्रांनी पाण्यातील स्फुरद लिटरमागे एक मिलिग्रॅमवर आणावे, असे त्यात ठरले. त्याच वर्षी अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा झाला. धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेटवर कॅनडाने १९७० पासूनच बंधने घातली होती. साबण-पावडरीचे कारखानदार तेव्हा म्हणत की, दोष स्फुरदाचा नाही, कर्बाचा आहे. त्यांना उत्तर दिले डेव्हिड शिंडलर ह्यांच्या एका प्रयोगाने. कॅनडातील ‘२२६’ क्रमांकाच्या लहानशा तळ्याला मधोमध प्लॅस्टिकचा पडदा लावण्यात आला. १९७३ साली एका भागात कर्ब आणि नत्र घातले. दुसऱ्या भागात कर्ब, नत्र आणि स्फुरद घातले. विमानातून छायाचित्र घेतले तेव्हा एक भाग काळानिळा होता, दुसरा हिरवागार. ज्याला वाचता येत नाही त्यालाही समजेल असा तो पुरावा होता. आमच्या मते कामगार-शिक्षणाच्या प्रत्येक वर्गात ते छायाचित्र लावावे.

१९७८ च्या नव्या करारात ईरीत वर्षाला ११,००० टनांहून अधिक स्फुरद जाऊ नये असे ठरले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हा आकडा २०,००० टनांच्याही वर होता. अब्जावधी डॉलर खर्चून मैलापाण्याची केंद्रे सुधारण्यात आली, आणि १९८० च्या दशकात ते उद्दिष्ट प्रथमच गाठले गेले. वॉलाय मासा परत आला. १९९० च्या दशकाच्या आरंभी मेफ्लायचे थवे पुन्हा काठावर उठले, आणि चाळीस वर्षांपूर्वी ज्यांना लोक शिव्या देत त्यांचे ह्या वेळी स्वागत झाले. मुलांचे प्रसिद्ध लेखक डॉ. स्यूस ह्यांच्या १९७१ च्या ‘द लोरॅक्स’ ह्या पुस्तकात ईरीच्या घाणीचा उल्लेख होता. सरोवर सुधारल्याचे त्यांना कळविण्यात आल्यावर पुढील आवृत्त्यांतून तो काढून टाकण्यात आला. माणसाने बिघडविलेले एवढे मोठे सरोवर माणसाने दहा-पंधरा वर्षांत सुधारून दाखविले. ज्यांना निराशेचा छंद आहे त्यांनी इतिहासाचे हे पान वगळू नये.

येथेच आमची गोष्ट संपली असती तर पेढे वाटता आले असते.

युनियनच्या कामात पहिला धडा असा की, करारावर सही झाली म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम म्हणजे पुढच्या प्रत्येक पगारपत्रकावर लक्ष ठेवणे. मालक हुशार असला तर एकूण आकडा तोच ठेवतो आणि आतली रचना बदलतो. मूळ पगार गोठवितो, भत्ता फुगवितो, आणि भविष्यनिर्वाह निधी कापावयाची वेळ आली की कामगाराला कळते. ईरीत असेच झाले, फक्त तेथे कोणी ठरवून केले नाही. करारात एकूण स्फुरदाचा आकडा होता, आणि तो पुष्कळ वर्षे मर्यादेच्या आसपास राहिला. परंतु स्फुरद दोन रूपांनी येते. काही मातीच्या कणांना चिकटून येते. त्यातले बरेचसे गाळाबरोबर तळाशी बसते. काही पाण्यात विरघळून येते. ते शेवाळाला वाढून ठेवलेल्या ताटासारखे असते. ओहायोतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे लोक १९७० च्या दशकापासून नद्यांच्या पाण्याचे नमुने सातत्याने तपासत होते. त्यांच्या वह्यांत दिसले की, १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मॉमी नदीतले विरघळलेले स्फुरद वाढत चालले आहे.

हे आले कोठून? कारखान्याच्या आणि शहराच्या मोऱ्यांवर आता पहारा होता. शेतावर नव्हता. अमेरिकेच्या कायद्याने नळातून सोडलेल्या घाणीसाठी परवाना सक्तीचा केला. शेतातून पावसाबरोबर वाहणारे पाणी त्यातून वगळले. करारात कायम कामगार आले आणि कंत्राटी कामगार बाहेर राहिले, म्हणजे पुढे काय होते ते ह्या शहरातील प्रत्येक औद्योगिक वसाहतीत पाहावयास मिळते. सगळे पाणी त्या भोकातून वाहू लागते. ईरीला हे शब्दशः लागू पडले. जमिनीची धूप थांबावी म्हणून शेतकऱ्यांना नांगरट न करता पेरणी करण्याचा सल्ला देण्यात आला होता. धूप कमी झाली, मातीला चिकटलेले स्फुरद कमी झाले. पण न नांगरलेल्या जमिनीवर वरच्यावर फेकलेले खत वरच्या थरातच साचले, आणि जोराचा पाऊस आला की विरघळून, दलदल उपसणाऱ्यांच्या काळापासून वाढत गेलेल्या त्या भूमिगत नळ्यांच्या जाळ्यातून नदीला मिळू लागले. मोठ्या पशुपालन केंद्रांच्या शेणखताची त्यात भर पडली. शेतकऱ्याला येथे खलनायक करण्याची आमची इच्छा नाही. भाव दुसरा ठरवितो, खत दुसरा विकतो, आणि एकराचा उतारा घटला तर कर्ज त्याच्या अंगावर येते. कारखान्यातल्या कामगाराला जसे भोयाशी झुंजविले, तसेच तेथे शेतकऱ्याला कोळ्याशी झुंजविले जाते.

त्यातच १९८८ साली झेब्रा शिंपला नावाचा युरोपातला एक परका जीव तेथे सापडला. जहाजांच्या तळातील पाण्याबरोबर तो आला होता. त्याने नळांची तोंडे बुजविली, आणि पाणी गाळून गाळून नितळ केले. लोकांना वाटले, सरोवर शुद्ध झाले. वस्तुतः तो शिंपला खाण्याजोगे शेवाळ खातो आणि मायक्रोसिस्टिस हे विषारी निळे-हिरवे शेवाळ परत थुंकून टाकतो. नितळ पाणी आणि निरोगी पाणी एकच नव्हे, हे त्याने दाखविले.

आणि ह्या सर्वांवर हवामान बदलू लागले. पाणी अधिक तापू लागले, आणि मायक्रोसिस्टिसला ऊन पाणी मानवते. हिवाळ्यातला बर्फ बहुतेक वर्षी कमी पडू लागला. वसंतातले पाऊस अधिक जोराचे झाले, आणि नेमके तेच पाऊस शेतातले खत वाहून आणतात. २०११ च्या वसंतात अतोनात पाऊस झाला आणि तोवरचे सर्वांत मोठे शेवाळ ईरीवर पसरले. २०१२ साली अवर्षण पडले आणि शेवाळ अगदी थोडे आले. २०१९ साली पाऊस एवढा लागला की पेरण्या खोळंबल्या, पुष्कळ शेतांत खतच पडले नाही. त्या वर्षी पाण्याच्या लोंढ्याच्या मानाने विरघळलेले स्फुरद कमी आले. ह्या तीन वर्षांत सगळे उत्तर आहे. पाऊस आपल्या हातात नाही. पावसापुढे शेतात काय ठेवावे हे आपल्या हातात आहे.

२ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे टोलेडो शहरात दवंडी फिरावी तशी सूचना फिरली : नळाचे पाणी पिऊ नका. उकळूनही पिऊ नका, कारण उकळल्याने हे विष जात नाही, पाणी आटून ते दाट मात्र होते. सुमारे चार-पाच लाख लोक तीन दिवस बाटलीच्या पाण्यावर राहिले. टोलेडोचे नाव आम्हांला १९३४ च्या ऑटो-लाइट कारखान्याच्या संपामुळे आधीपासून ठाऊक होते. अमेरिकन कामगारांच्या इतिहासातला तो एक मोठा संप. ज्या शहराने तो लढा दिला त्याच शहराच्या नातवंडांना जगातील गोड्या पाण्याच्या एका मोठ्या साठ्याच्या काठी बसून बाटलीसाठी रांग लावावी लागली. २०१५ साली ओहायो, मिशिगन आणि कॅनडाचा आँटेरिओ प्रांत ह्यांनी नवा करार केला : पश्चिम टोकाला येणारे स्फुरद २०२५ पर्यंत चाळीस टक्क्यांनी घटवावयाचे. शेतकऱ्यांवरचे उपाय बहुतांशी ऐच्छिक ठेवण्यात आले. मुदत उलटून गेली, उद्दिष्ट गाठले गेले नाही. २०१९ साली टोलेडोच्या मतदारांनी सरोवरालाच कायदेशीर हक्क देणारा ठराव मताधिक्याने संमत केला. पुढच्या वर्षी न्यायालयाने तो मोघम म्हणून रद्द केला.

हा सर्व इतिहास आम्ही आमच्या माणसांना गेट मीटिंगमध्ये तुकड्यातुकड्यांनी सांगत असतो. आमचे गावतळे ईरीच्या मानाने ओंजळीएवढे. पण त्याचे दुखणे त्याच पुस्तकातले आहे. कारखान्याची मोरी, गावाचे मैलापाणी, धुण्याची पावडर, उसाच्या मळ्यातले खत, आणि वेळी-अवेळी कोसळणारा पाऊस. ह्यांतल्या एकाचेच नाव घेतले की बाकीचे चारजण हसत घरी जातात. आणि रोजगार की पाणी असा प्रश्न कोणी टाकला, तर तो टाकणाऱ्याचा मुक्काम कोठे आहे आणि त्याच्या घरी पाणी कोठून येते, हे आधी विचारावे.

चार वर्षांपूर्वी आम्ही ज्या कारखान्यात काम पाहतो तेथल्या मागणीपत्रात एक नवे कलम घातले. सोडलेल्या पाण्याची महिन्याची तपासणी कामगारांच्या प्रतिनिधीसमक्ष व्हावी, आणि तिचा आकडा फाटकावरच्या फलकावर, आतल्या आणि बाहेरच्या माणसाला वाचता येईल असा, लिहावा. आमच्यातलेच काही जुने सभासद म्हणाले, ह्यात आपल्याला किती रुपये सुटतील? आम्ही त्यांना भोयांची पाटी सांगितली. कलम राहिले. मालकाने ते दोन वर्षे नाकारले, तिसऱ्या वर्षी पगारवाढीतली थोडी रक्कम आम्ही सोडली, तेव्हा मान्य केले. आता फलकावर आकडे येतात. बारा महिन्यांपैकी गेल्या वर्षी नऊ आले. जून, जुलै आणि ऑगस्ट ह्या तीन महिन्यांच्या जागा कोऱ्या आहेत, आणि पाणी सर्वांत जास्त सुटते ते त्याच तीन महिन्यांत. येत्या पावसाळ्याच्या पहिल्या तारखेला पहिल्या पाळीचे आमचे प्रतिनिधी बाटली घेऊन मोरीवर उभे राहतील. खालच्या गावच्या भोयांपैकी जे तीन-चारजण अजून गावात आहेत, त्यांनाही आम्ही बोलावले आहे. येतो म्हणाले आहेत.